शालीला दाखवलेलं ऊन

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याला शिव्या देत होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण गोडगोड काही लिहिलं असतं तर त्यालाच आवडलं नसतं. जबलपूरच्या अधारतालमधल्या आमच्या घराच्या दारात एक ओलं फडकं पसरलेलं असतं. घरात आम्ही त्याला पोछाच म्हणतो. चपला बाहेर काढायच्या, त्या ओल्या पोछ्यावर दोन्ही तळवे पुसायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं, हा दादाचा कायदा. चाळीस वर्षांत मी त्या पोछ्यावरून किती वेळा घसरले याची गणती नाही. त्या दिवशी, जानेवारीतल्या एका सकाळी अकराच्या सुमाराला, भाजी घेऊन आत येताना पुन्हा घसरले. चौकट धरली म्हणून पडले नाही, पण मेथी उंबऱ्यावर सांडली आणि टोमॅटो सोफ्याखाली गेले. 'जळो मेला तुझा पोछा,' असं मी रिकाम्या घरात मोठ्यांदा म्हटलं आणि फोन वाजला. नंबर दादाचा, आवाज भलत्याचाच. "आंटीजी, ये अंकलजी हमारी दुकान पे आए थे, बैठे-बैठे गिर गए. आप कौन हैं इनकी?" मी म्हटलं, बहन. "तो आप सदर बाज़ार आ जाइए. जल्दी आइए."

ऑटोने पोचेपर्यंत त्याला दुकानाजवळच्या एका दवाखान्यात नेलं होतं आणि सगळं संपलेलं होतं. डॉक्टर अगदी तरुण, दमलेला. म्हणाला, हार्ट था. आणि मी, अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, त्याला विचारते काय, तर "किरण का कुछ है क्या?" त्याने हातातला कागद बाजूला ठेवला आणि फार समजुतीने मला विचारलं, "किरणजी कौन हैं? उनको खबर कर दी आपने?" … मला त्या जागी हसू आलं. चेर्नोबिल झालं तेव्हा हा मुलगा जन्मलाही नसेल, त्याची काय चूक? दादाने ज्या मरणाची चाळीस वर्षं वाट पाहिली ते आलंच नाही. ज्याने अख्ख्या जबलपूरची साखर-तेल खाणारी माणसं जातात, त्यानेच तो गेला, त्रेसष्टाव्या वर्षी. निघताना दुकानदाराने त्याची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. आत दोन नवे पोछे होते. जाड सुती, पाणी धरून ठेवणारे, सदरच्या त्या एकाच दुकानात मिळतात म्हणे. अधारतालहून एवढ्या लांब हा माणूस पोछे आणायला गेला होता.

दादा म्हणजे मुकुंद, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याची बेबी, साठी उलटली तरी बेबीच. बाबा इथल्या डिफेन्सच्या कारखान्यात होते. आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मुलगा एक तर कारखान्यात लागायचा, नाही तर रेल्वेत. दादाने तिसरीच वाट धरली. शिष्यवृत्ती मिळवून तो कीवला इंजिनीअरिंग शिकायला गेला. शेवटचं वर्ष संपत आलं होतं आणि एप्रिलच्या अखेरीस तिथून शंभरेक किलोमीटरवर चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. आम्हाला कळलं ते नागपूरहून एक दिवस शिळा होऊन येणाऱ्या मराठी पेपरातून. त्यात शब्द होता, किरणोत्सर्गाची बाधा. आता पेपरवाल्यांचा शब्द चूक नव्हता, पण आईला बाधा म्हणजे एकच ठाऊक होती, बाहेरची. तिन्हीसांजेला पिंपळाखालून गेलं की होते ती. तिने पेपर दोनदा वाचला, घडी घातली आणि देवापाशी ठेवून दिला. बाबांनी तिला अणू-रेणू समजावून सांगितले. सगळं ऐकून ती म्हणाली, "ते सगळं असंलच. पण बाधा झाली ना पोराला?"

दादा परत आला तो अक्षय्यतृतीयेच्या दोन दिवस आधी. उंबऱ्यावर आईने त्याला थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या निखाऱ्यावर घातल्या. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, असं मानतात. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आणि दादा आपला ढिम्म उभा. चार दिवसांच्या प्रवासाने त्याचं नाक गच्च झालं होतं, दुसरं काय. पण आईला पटलं ते पटलंच. ती ओवाळत असताना हा तिला म्हणतो, "आई, आधी एक ओला पोछा दे. पाय पुसायचेत." तिकडे शेवटच्या दिवसांत तसंच करायला सांगितलं होतं. रस्ते टँकरने धुवायचे, खिडक्या बंद ठेवायच्या, कोरडा केर काढायचा नाही, प्रत्येक दारात ओलं फडकं. म्हणजे त्या दिवशी एकाच उंबऱ्यावर मायलेक दोघंही आपापल्या परीने बाधा बाहेरच ठेवून राहिले होते. तेव्हा मला दोघांचाही राग आला होता. मे महिन्याच्या उन्हात सामान घेऊन मी अंगणात उभी होते.

अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. कैरीची डाळ, पन्हं, वस्तीतल्या सगळ्या मराठी बायका. माझी सुपारी फुटली होती, सदरच्या एका घरी लग्न ठरलं होतं, आणि होणाऱ्या सासूबाई पाटावर बसल्या होत्या. कुणीतरी दादाची चौकशी केली आणि आईने, पोटातलं ओठावर आणल्याशिवाय तिला कधी राहवलं नाही, सगळ्यांना सांगून टाकलं. "बाधा झाली होती हो त्याला. जबरी होती. ठसकाच लागेना. मी उतरवली, पण अजून थोडी असंलच." सासूबाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला, तो परत उचलला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला. बाबा बिचारे कागद घेऊन सदरला गेले. दादा दिल्लीला उतरला तेव्हा त्याच्या अंगावरून यंत्र फिरवलं होतं आणि काही आढळलं नाही असा कागद दिला होता. बाबांनी तो समोर ठेवला. तिकडच्या काकांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काही नव्हतं, तर मग तपासणी काहून केली?" बाबा परत आले आणि कागद कपाटात गेला. त्या कागदाने आमचं जेवढं वाटोळं केलं तेवढं किरणांनीही केलं नसेल. आमच्या हिंदी शेजाऱ्यांनी तर आईच्या बोलण्यातलं किरण आणि बाधा एवढंच उचललं आणि गल्लीत बातमी झाली की शर्माजी के बाजूवाले लड़के पर किसी किरण का साया है. दूधवालासुद्धा दबक्या आवाजात विचारायचा, भैया की तबीयत कैसी है.

लग्न मोडल्याचं दुःख मला वर्ष-दोन वर्षं झालं असेल, शालीचं मात्र चाळीस वर्षं होतं. दादाने माझ्या लग्नासाठी तिकडून एक लोकरी शाल आणली होती. काळी, त्यावर मोठमोठी लाल फुलं, कडेला रेशमी झालर. मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, ती पांघरून मी आरशासमोर उभी राहिले होते. लग्न मोडल्यावरही मी ती अधूनमधून काढायची, तोंडाला लावायची. पावसाळा संपता संपता ती कपाटातून नाहीशी झाली. दादाला विचारलं तर म्हणाला, "दिली." कुणाला? "दिली कुणाला तरी." मी काय समजायचं ते समजले. तिकडची कुणी पोरगी असणार, तिला पोस्टाने पाठवली असणार. त्या भाऊबीजेला मी त्याला एक शब्द न बोलता ओवाळलं. त्याच सुमाराला गच्चीवरच्या खोलीत एक पत्र्याचा डबा आला, कुलूप लावलेला. मी मनात म्हटलं, प्रेमपत्रं. आणि माझं मन इतकं खोटं की त्या न पाहिलेल्या पोरीचा मी पुढे कित्येक वर्षं राग राग केला.

शेवटची परीक्षा द्यायला दादा परत गेलाच नाही. रशियन उत्तम येत होतं म्हणून इथल्या कारखान्यात यंत्रांच्या पुस्तकांचं भाषांतर करायला लागला. मी शाळेत लागले. आई-बाबा एकामागोमाग एक गेले. "तुझं झाल्याशिवाय माझं नाही," असं तो म्हणायचा आणि माझं काही झालं नाही. मीही मग नाद सोडला. एका घरात दोन हट्टी माणसं म्हातारी झाली. त्याच्याबरोबर राहणं म्हणजे काय होतं ते सांगते. घरात खराटा वापरायचा नाही, धूळ उडते. कपडे उघड्यावर वाळत घालायचे नाहीत, आत घालायचे, मग पावसाळ्यात अख्ख्या घराला कुबट वास. जवळच्या कुंडम गावच्या बायका पावसाळ्यात जंगलातली अळंबी विकायला आणतात, इथे तिला पिहरी म्हणतात, सोन्याच्या भावाने जाते. ती आमच्या घरात एकदाही शिजली नाही. "अगं, अळंबी जमिनीतलं सगळं ओढून घेते." मी म्हणायची, "अरे, कुंडमच्या जमिनीत काय आहे?" तो म्हणायचा, "तिकडंही आम्हाला असंच वाटायचं." या वाक्याने माझं डोकं फिरायचं. कोरोनाच्या दिवसांत अख्खी गल्ली दारात ओले पोछे टाकायला लागली आणि लोक अंतर ठेवून त्याला विचारायला यायचे, भैयाजी, ब्लीच कितना डालना है. तेवढे सहा महिने तो सगळ्यांचा गुरू होता. मग सगळं विसरले. आमचाच पोछा तेवढा राहिला.

त्या मोडलेल्या लग्नानंतर दहाएक वर्षांनी माझा गळा सुजला. तपासण्या झाल्या, थायरॉइड निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकांमध्ये फार दिसतं, रोज एक गोळी घ्यायची, विसरून जायचं. मी विसरले. दादा विसरला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला तो माझ्या खाटेपाशी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभा. मी गिळेपर्यंत हलायचा नाही. तीसेक वर्षं, एक दिवस चुकला नाही. गंमत अशी की ज्याला बाधा झाली त्याला काहीच नव्हतं. त्याचं थायरॉइड शेवटपर्यंत ठणठणीत. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, भाई से लगा होगा. मी हसायची. तो त्याच्या खोलीत जाऊन पत्र लिहायला बसायचा. त्याच सुमाराला ही पत्रं सुरू झाली. दिल्लीला, मुंबईला, जिथे जिथे अणूचं काही असेल तिथे, रजिस्टर करून. उत्तरं यायची, आपलं पत्र संबंधित विभागाकडे पाठवण्यात आलं आहे. तो विभाग पुढे कुठल्याशा विभागाकडे पाठवायचा. एकानेही हो म्हटलं नाही, एकानेही नाही म्हटलं नाही. मी विचारायची, काय लिहून राहिला एवढं? "एक तपासणी करायची होती." मला वाटायचं स्वतःची. म्हणायची, चाळीस किलोमीटर सायकल चालवतो, कशाची तपासणी?

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, त्याला कुंडमला बोलावणं आलं. नर्मदेच्या वरच्या अंगाला अणुवीजघर व्हावं की होऊ नये, अशी चर्चा आमच्याकडे कितीतरी वर्षं चालू आहे. त्यावर एक सभा होती आणि कुणीतरी दादाचं नाव सांगितलं होतं. मीही सोबत गेले, म्हटलं तेवढंच जंगल बघू. मंचामागच्या कापडावर लिहिलेलं, चेर्नोबिल पीड़ित श्री मुकुंदजी. याने खडू मागितला आणि पीड़ित शब्दावर स्वतः रेघ मारली. बोलावणाऱ्यांचे चेहरे उतरले. तेवढ्यात पलीकडच्या मताचे एक गृहस्थ उठले, "देखिए, भले-चंगे खड़े हैं आपके सामने. कुछ हुआ आपको?" दादा म्हणाला, "पता नहीं." मग इकडचे म्हणाले, नुकसान तो हुआ होगा ना? "पता नहीं." दोन्हीकडून चुकचुकाट. मी कपाळाला हात लावला. अरे, कुठल्या तरी एका बाजूचं बोल. मग मागे बसलेली एक गोंड आजी उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "दादा, भट्टी फूटी तो तुमको कै दिन बाद बताओ?" दादा म्हणाला, आठ-दस दिन. "और तब तक का करत रहे?"

दादाने माईक जवळ ओढला. माईकवर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "शाल को धूप दिखा रहा था, अम्मा. बहन की शाल थी." आमच्या आईची शिस्त होती. गरम कपडे थंडी संपल्यावर पेटीत ठेवण्याआधी त्यांना ऊन दाखवायचं, नाही तर कसर लागते. हा तिचा शहाणा मुलगा. माझ्या लग्नाची शाल पेटीत भरण्याआधी त्याने ती त्या सुट्टीच्या दिवसांत, ऊन छान पडलंय म्हणून, हॉस्टेलच्या बाल्कनीत वाळत घातली. तीन दिवस. वारा कीवकडे फिरला होता तेच ते तीन दिवस. दिल्लीला त्याच्या अंगावरून यंत्र फिरवलं, बॅग उघडायला कुणी सांगितलं नाही. पावसाळ्यात हॉस्टेलमधल्या मित्राचं पत्र आलं, त्यात सहज लिहिलं होतं की तेव्हा बाहेर वाळत घातलेले कपडे आता सगळ्यांनी टाकून दिलेत … "फिर उसको थायरॉइड हो गया," दादा म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "वो बैठी है. उससे हुआ कि नहीं, मुझे नहीं पता. तीस साल से पूछ रहा हूँ." सभेतली सगळी माणसं माझ्याकडे वळून बघत होती. कुंडमच्या त्या मैदानात, माईकवरून, मला माझ्या शालीचा पत्ता लागला.

परतीच्या बसमध्ये मी त्याला धारेवर धरलं. "मला तू काहून नाही सांगितलं? अनोळखी लोकांसमोर सांगून राहिला तू." तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "तू विचारलं नाहीस कधी. ती अम्मा विचारून राहिली होती." मी म्हटलं, "मी विचारलं होतं. शाल कुठं आहे म्हणून विचारलं होतं." त्याने खिडकीची काच सरकवली. मी म्हटलं, "टाकून काहून नाही दिली?" तेव्हा त्याने बोटांवर मोजत सांगितलं. जाळली तर धूर. पुरली तर पाण्यात. धुतली तर नाल्यात, नाल्यातून नर्मदेत. टाकली तर कुणीतरी गरीब बाई पांघरेल. "मग करू काय? डब्यात ठेवली." म्हणजे मोठमोठ्या देशांना जो प्रश्न सुटत नाही तो आमच्या गच्चीवर कुलूप लावून ठेवला होता. मी म्हटलं, "अरे, आपल्या गल्लीत घरटी एक थायरॉइड आहे. त्या सगळ्यांचं कशाने झालं?" तो म्हणाला, "त्यांच्याकडं शाल नव्हती, बेबी."

सभेत कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या नेमा मॅडम होत्या. त्यांनी कुठूनसं हातात मावणारं यंत्र मिळवलं आणि गेल्या दसऱ्यानंतर एका दुपारी घरी आल्या. दादाने अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता, पाहुणे बघायला यावेत तसा. गच्चीवर डबा उघडला. प्लास्टिकच्या सात पिशव्या निघाल्या, आणि शाल. फुलं तशीच लाल. माझा हात पुढे गेला, त्याने तो धरून ठेवला. यंत्र शालीवरून फिरलं. टिक … टिक. मॅडम म्हणाल्या, कुछ नहीं है सर, इतना तो सब जगह होता है. मग खाली चहा करताना त्यांनी गमतीने यंत्र माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं, तर ते शालीपेक्षा जास्त बोललं. ग्रॅनाइटमध्ये थोडं असतंच, असं त्या म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. झालं. पुढचा आठवडाभर हा माणूस ओट्याकडे संशयाने बघायचा. मला धास्ती की आता ओटा फोडतो.

मॅडम गेल्यावर मी म्हटलं, चलो, सुटलास. आता तरी म्हण की माझ्यामुळे नाही झालं. एकदा म्हण. तो म्हणाला, गळ्याला जे लागतं ते आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याचं निम्मं. त्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंतही काही उरलं नसेल. जे करायचं ते करून गेलं असेल, खूण न ठेवता. मी गणिताची बाई, मला निम्म्याचं निम्मं समजतं. मी म्हटलं, आणि ते दुसरं, तीस वर्षांत निम्मं होणारं? ते तर अजून दिसलं असतं ना? नाही दिसलं. म्हणजे ते नव्हतं. म्हणजे पहिलंही नसेल. "नसेल," तो म्हणाला. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच म्हणाला, "असेलही." आणि शाल परत सात पिशव्यांत गेली. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

यानंतरच्या एका सकाळचं मला लिहायचं आहे आणि लिहायचं नाहीही. दिवाळी होऊन गेली होती. सहा वाजता तो गोळी आणि पाणी घेऊन उभा. मी गोळी तोंडात टाकली आणि तो म्हणाला, "बेबी, तुला काय वाटतं? शालीमुळे झालं असंल?" मला झोप आली होती. रात्री गुडघा दुखत होता. हा प्रश्न तो दसऱ्यापासून रोज या ना त्या वळणाने विचारत होता आणि मी रोज नाही म्हणत होते, आणि माझं नाही त्याला पुरत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. मी पेला त्याच्या हातात आदळला आणि म्हटलं, "हो. तुझ्यामुळेच झालं. शालीमुळेच झालं. झालं समाधान?"

"अच्छा," तो म्हणाला. एवढंच. पेला विसळून जागेवर ठेवला. त्या दिवसानंतर त्याने एकही पत्र लिहिलं नाही. मला वाटलं, चला, कंटाळला, सुटलो एकदाचे. तो सकाळचा फिरायला जायला लागला, पेपर मोठ्याने वाचून दाखवायला लागला, माझ्या ताटात भाजी आधी वाढायला लागला. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दोन महिन्यांत. तो गेल्यावर, दहाव्याच्या आसपास, पत्रांची रास आवरताना माझ्या लक्षात आलं. तीस वर्षांत इतक्या लोकांना विचारलं, त्यांतल्या कुणीही त्याला सरळ उत्तर दिलं नव्हतं. मी दिलं. त्याने ते घेतलं आणि खाली मान घालून खरं मानलं. मी ते चिडून म्हटलं होतं, दादा. झोपेत, गुडघा दुखत असताना, चिडून म्हटलं होतं. मला माहीत नाही कशाने झालं. कुणालाच माहीत नाही, आणि तुलाही तेवढंच माहीत होतं. ते परत घ्यायला दोन महिने होते माझ्याकडे. मी मेथी निवडत बसले होते.

तेरावा झाल्यावर मी पहिलं काम केलं ते पोछा उचलला, धुतला, वाळवला आणि कोरडाच दारात टाकला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उंबरा कोरडा. गोळीचं तर सांगायलाच नको, आठवड्यातून तीनदा विसरते. त्याच्या पिशवीतले दोन नवे पोछे दारामागच्या खुंटीला तसेच होते, पिशवीसकट. मग होळी झाली. आईच्या शिस्तीप्रमाणे गरम कपड्यांना ऊन दाखवायला मी गच्चीवर गेले. माझे स्वेटर, त्याचे दोन स्वेटर, त्याची ती माकडटोपी. दोरीवर जागा उरली होती. मी डबा उघडला, सात पिशव्या सोडवल्या आणि शाल मधोमध वाळत घातली. पापड राखावेत तशी शेजारी बसून राहिले. ऊन छान होतं. वाराही होता, आणि खरं सांगते, वारा कुठून येऊन राहिला ते मी एकदा बघितलं.

दुपारी शाल खांद्यावर टाकून बाहेरच्या जिन्याने खाली आले. दारात कोरडा पोछा, आणि गच्चीवरच्या धुळीचे माझे पाय. आता कुणी ओरडणार नव्हतं. मग दारामागे हात घालून पिशवीतला एक नवा पोछा काढला, अंगणातल्या नळाखाली भिजवला, पिळला, उंबऱ्याशी पसरला. दोन्ही तळवे नीट पुसले आणि शाल घेऊन आत गेले.